मुळाक्षरं संपली, वादळं संपेनात

१८ सप्टेंबर २०२०, शुक्रवार. मायामीतल्या नॅशनल हरिकेन सेंटरला त्या दिवशी काही तासांत तीन वादळांची बारशी उरकावी लागली. पहिल्याला ‘विल्फ्रेड’ हे नाव मिळालं आणि त्या वर्षीची नावांची यादीच संपली. हंगाम संपायला अजून जवळजवळ अडीच महिने होते! मग ग्रीक मुळाक्षरं बाहेर काढली. पोर्तुगालजवळ, जिथे असली वादळं सहसा फिरकतही नाहीत, तिथे उठलेलं वादळ ‘अल्फा’ झालं आणि मेक्सिकोच्या आखातातलं ‘बीटा’.

अटलांटिक महासागराचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. वाऱ्यांनी ताशी ६३ किलोमीटरचा वेग गाठला की वादळाला नाव मिळतं, ११९ गाठला की त्याचं हरिकेन होतं. सरासरी हंगामात १४ नावं लागतात. २०२० मध्ये ३० लागली आणि त्यांतली १४ वादळं हरिकेन झाली. १४ सप्टेंबरला तर पॉलेट, रेने, सॅली, टेडी आणि विकी अशी पाच चक्रं अटलांटिकवर एकाच वेळी फिरत होती. असं याआधी नोंदलं गेलं होतं ते फक्त १९७१ मध्ये.

काही गावांच्या नशिबी तर दोनदा मार आला. २७ ऑगस्टला ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी ‘लॉरा’ लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकलं. लोकांनी उडालेल्या छपरांवर निळी ताडपत्री ताणली, आणि सहा आठवड्यांनी ‘डेल्टा’ तिथून अवघ्या वीसेक किलोमीटरवर येऊन आदळलं. नोव्हेंबरमध्ये निकाराग्वाचं हेच झालं. ‘ईटा’ आणि ‘आयोटा’ ही दोन्ही, पाचांपैकी चौथ्या श्रेणीची, वादळं पंधरवड्याच्या आत जवळपास त्याच जागी किनाऱ्यावर चढली.

एकवीसच नावं का?

इंग्रजी मुळाक्षरं २६, पण अटलांटिकच्या यादीत नावं २१. क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड या अक्षरांनी सुरू होणारी सोपी नावं पुरेशी मिळत नाहीत, म्हणून ती वगळली आहेत. अशा सहा याद्या आळीपाळीने फिरतात, त्यामुळे २०२० ची यादी पुन्हा येते ती २०२६ मध्ये. मात्र ज्या वादळाने मोठा संहार केला, त्याचं नाव कायमचं बाद होतं. कॅट्रिना हे नाव पुन्हा कधीच येणार नाही. ‘आय’ने सुरू होणारी नावं सगळ्यात जास्त बाद झाली आहेत: आयव्हन, आइक, आयरीन, अर्मा, आयडा, इयान. यात अपशकुन काही नाही. यादी नवव्या अक्षरापर्यंत पोहोचते तेव्हा बहुतेकदा हंगाम ऐन भरात असतो, एवढंच.

ग्रीक अक्षरांना मात्र जागतिक हवामान संघटनेने मार्च २०२१ मध्ये कायमची सुट्टी दिली. झीटा, ईटा, थीटा ही नावं बातम्यांत एकामागोमाग यायला लागल्यावर ऐकणाऱ्यांचा गोंधळ उडाला. ज्या नावामुळे लोकांनी सावध व्हायचं तेच नाव गोंधळ घालत असेल, तर ते काढलेलंच बरं. आता यादी संपली तर राखीव नावांची दुसरी यादी तयार आहे.

माणसांची नावं देण्याची हौस तशी जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ऑस्ट्रेलियातला हवामानतज्ज्ञ क्लेमेंट रॅग नावडत्या राजकारण्यांची नावं वादळांना द्यायचा. अमेरिकेने १९५३ पासून फक्त बायकांची नावं लावली. फ्लोरिडातल्या रॉक्सी बोल्टन या स्त्रीवादी कार्यकर्तीने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि १९७९ मध्ये अटलांटिकच्या यादीत पुरुष आले. पुरुषाचं नाव मिळालेलं तिथलं पहिलं हरिकेन होतं ‘बॉब’.

आपल्याकडचा रिवाज वेगळा आहे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांतल्या वादळांसाठी १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं दिली आहेत, म्हणजे एकूण १६९. इथे एकदा वापरलेलं नाव पुन्हा येत नाही. या यादीतलं पहिलंच नाव रायगडच्या वाट्याला आलं. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करणारं ‘निसर्ग’. ते नाव बांगलादेशाने दिलेलं होतं.

आफ्रिकेतून सुटते गाडी

अमेरिकेला झोडपणाऱ्या बड्या हरिकेनांपैकी बहुतेकांचं बीज आफ्रिकेत पडतं. सहारा आणि त्याच्या दक्षिणेचा ओला प्रदेश यांच्या तापमानात मोठी तफावत असते. तिच्यामुळे हवेत लाटा उठतात आणि पश्चिमेकडे निघतात. वर्षाला साधारण साठ. बहुतेक वाटेतच विरतात. एखादीला खाली साडेसव्वीस अंशांहून उबदार समुद्र आणि वर शांत वारे मिळाले की ती गोल फिरू लागते. पॅसिफिकमध्ये एल निन्यो असला तर अटलांटिकवरचे वरच्या थरातले वारे या लाटांचा शेंडा कापून टाकतात. ला निन्या असली तर रान मोकळं. २०२० मध्ये ला निन्याच होती.

सहारातून उडणारी कोरडी धूळसुद्धा वादळाचा गळा आवळते. म्हणूनच जून-जुलै बरेचदा शांत जातात. हंगामाचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास येतो.

पैजेखातर वादळात

या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट १९४३ सालची आहे. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने जहाजांनी रेडिओ बंद ठेवले होते, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातल्या हवामानाच्या बातम्या जवळपास थांबल्या होत्या. त्याच अंधारातून एक हरिकेन टेक्सासवर चालून आलं. तिथल्या ब्रायन फील्डवर कर्नल जोसेफ डकवर्थ वैमानिकांना ढगांत, अंधारात, नुसत्या उपकरणांच्या भरवशावर विमान चालवायला शिकवत होते. वादळ येतंय म्हणून सरावाची विमानं दूर हलवायची बोलणी सुरू झाली, तशी शिकायला आलेल्या ब्रिटिश वैमानिकांनी त्या विमानांची थट्टा मांडली. डकवर्थनी पैज घेतली: याच विमानातून वादळात जाऊन परत येतो.

२७ जुलैला दिशादर्शक राल्फ ओहेअरला मागच्या खुर्चीत बसवून, एका इंजिनाच्या टेक्सन विमानातून ते थेट वादळाच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या शांत वर्तुळात, शिरले आणि सुखरूप परतले. तळावरच्या हवामान अधिकाऱ्याने हे ऐकलं आणि मलाही न्या म्हणून हट्ट धरला. डकवर्थ त्याच दिवशी पुन्हा गेले! आजच्या ‘हरिकेन हंटर्स’ पथकांचा इतिहास त्या दिवसापासून सुरू होतो.

आता मिसिसिपीतल्या बिलोक्सीहून हवाई दलाची एक तुकडी हे काम करते. ‘नोआ’ या सागर-हवामान संस्थेची वेगळी विमानं आहेत आणि त्यांची लाडकी नावं ‘मपेट्स’च्या बाहुल्यांवरून घेतली आहेत: कर्मिट, मिस पिगी आणि गॉन्झो. कर्मिट आणि मिस पिगी तीनेक किलोमीटर उंचीवरून वादळ आरपार कापतात आणि पुन्हा पुन्हा कापतात. गॉन्झो वादळाच्या वरून आणि भोवतीने फिरतं. वाटेत विमानातून ‘ड्रॉपसोंड’ खाली सोडतात. लाटण्याएवढी ही नळी, डोक्यावर छोटी छत्री, पोटात जीपीएस. समुद्रात पडेपर्यंतच्या काही मिनिटांत ती वायुदाब, तापमान, आर्द्रता आणि वारा सेकंदागणिक कळवत राहते. पाण्यात पडली की तिचं काम संपलं.

हे काम वाटतं तितकं निर्धोक नाही. १५ सप्टेंबर १९८९ ला बार्बाडोसहून निघालेलं कर्मिट अवघ्या दीड हजार फुटांवरून ‘ह्यूगो’ वादळात घुसलं. वादळ अंदाजापेक्षा फारच प्रचंड निघालं, पाचव्या श्रेणीचं. चारपैकी एका इंजिनाने पेट घेतला, विमान आणखी खाली घसरलं आणि कसंबसं डोळ्यात पोहोचलं. बाहेर पडायचं तर डोळ्याभोवतीची ढगांची भिंत पुन्हा फोडायची, आणि तीही तीन इंजिनांवर. वैमानिकांनी डोळ्यातच घिरट्या घालत विमान हळूहळू वर चढवलं. दरम्यान हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने भिंतीतली त्यातल्या त्यात मऊ जागा शोधून काढली आणि त्यांना तिथून बाहेर नेलं. सगळे वाचले. त्या विमानात असलेले हवामानतज्ज्ञ जेफ मास्टर्स पुढे वादळांवर लिहिणारे नामवंत लेखक झाले.

डोळ्यात काय दिसतं?

दिवस असेल तर निळं आकाश. चहूबाजूंना पंधरा-पंधरा किलोमीटर उंच ढगांची भिंत, वर जाताना बाहेर झुकत गेलेली. आणि पक्षी! समुद्रपक्षी या शांत वर्तुळात अडकून वादळासोबत शेकडो किलोमीटर वाहत जातात आणि त्यांचे थवे रडारवरही उमटतात. २००५ च्या ‘विल्मा’चा डोळा जेमतेम पावणेचार किलोमीटर रुंद होता. अटलांटिकमध्ये मोजलेला सर्वांत कमी वायुदाब, ८८२ हेक्टोपास्कल, त्याच वादळातला. जागतिक विक्रम मात्र पॅसिफिकच्या ‘टिप’कडे आहे: १९७९, ८७० हेक्टोपास्कल, पसारा सुमारे २२०० किलोमीटर. आणि चिवटपणात २०२३ च्या ‘फ्रेडी’ला तोड नाही. ऑस्ट्रेलियाजवळ जन्मून, अख्खा हिंदी महासागर ओलांडून, ते मादागास्करवर एकदा आणि मोझांबिकवर दोनदा आदळलं. आयुष्य ३६ दिवस.

माणूस जिथे जाऊच शकत नाही, त्या समुद्राच्या पृष्ठभागावर आता यंत्रं जातात. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘सेलड्रोन’ नावाची सातेक मीटर लांबीची, बिनमाणसाची नारिंगी होडी चौथ्या श्रेणीच्या ‘सॅम’मध्ये शिरली. पंधरा मीटरच्या लाटा, ताशी १९० किलोमीटरचा वारा, आणि होडीवरचा कॅमेरा चालूच. बड्या हरिकेनच्या पोटातून, थेट समुद्राच्या पातळीवरून जगाने पाहिलेलं ते पहिलं चित्रीकरण. शोधून बघाच.

किराणाच्या पिशवीवर नकाशा

उपग्रह येण्याआधी वादळाचा पत्ता लागायचा तो बेटांवरून, जहाजांवरून आणि आभाळाकडे बघून. हवानातले जेझुइट पाद्री बेनितो विन्येस उंचावरच्या तंतुमेघांची दिशा बघून हरिकेन कुठे आहे ते सांगायचे. १८७५ मध्ये त्यांनी दिलेला इशारा दोनच दिवसांत खरा ठरला. त्यांच्या पश्चात क्यूबाने ही विद्या जोपासली. पण १९०० मध्ये अमेरिकी हवामान खात्याने क्यूबाच्या तारांवर बंदी घातली होती. क्यूबातले जाणकार म्हणत होते की वादळ टेक्सासकडे चाललंय. वॉशिंग्टनला ते उत्तरेला वळेल अशी खात्री होती. ८ सप्टेंबरला गॅल्व्हेस्टन शहर बुडालं. निदान सहा हजार माणसं गेली, काही अंदाजांनुसार बारा हजार. अमेरिकेच्या इतिहासातली ही आजही सगळ्यात प्राणघातक नैसर्गिक आपत्ती आहे. तिच्यामागे विज्ञानाची कमतरता थोडी आणि शेजाऱ्याचं न ऐकण्याचा ताठा जास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच गॅल्व्हेस्टनमध्ये १९६१ साली डॅन रादर या तरुण वार्ताहराने ‘कार्ला’ची रडारप्रतिमा टीव्हीवर दाखवली. तिच्यावर टेक्सासचा पारदर्शक नकाशा ठेवला, तेव्हा वादळाचा आकार बघून लोक हादरले आणि लाखोंनी गाव सोडलं. एक चित्र, आणि शेकडो जीव वाचले असतील. नंतर आखाताच्या किनाऱ्यावर वादळांचे नकाशे किराणाच्या कागदी पिशव्यांवर छापून येऊ लागले. रेडिओवर अक्षांश-रेखांश सांगितले की घरातली पोरं पेन्सिलीने ठिपके जोडत बसायची.

उपग्रहाच्या फोटोवरून वादळाचं बळ ओळखण्याची रीत व्हर्न ड्व्होरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवली. ढगांची नक्षी बघायची आणि १ ते ८ मध्ये ‘टी’ क्रमांक द्यायचा. आपलं हवामान खातंही अरबी समुद्रातल्या वादळांना याच रीतीने जोखतं. ज्या समुद्रांवर विमानं जात नाहीत, तिथे आजही हाच मुख्य आधार आहे.

वादळ वळवायला गेले आणि…

१३ ऑक्टोबर १९४७ ला अमेरिकी शास्त्रज्ञांनी समुद्राकडे चाललेल्या एका हरिकेनवर कोरडा बर्फ टाकला. वादळ वळलं आणि जॉर्जियातल्या सव्हाना शहरावर जाऊन धडकलं. लोक खवळले. पुढे कळलं की त्याने आधीच वळण घ्यायला सुरुवात केली होती. तरी नाद सुटला नाही. १९६२ पासून ‘स्टॉर्मफ्युरी’ प्रकल्पात सिल्व्हर आयोडाइड फवारून पाहिलं आणि १९८३ मध्ये तो गुंडाळला. जो परिणाम फवारणीचा वाटला, तो हरिकेनमध्ये आपोआपही होतो हे लक्षात आलं होतं.

सरडे, थ्रश आणि वॉफल

२०१७ च्या अर्मा आणि मारिया वादळांनंतर टर्क्स आणि केकस बेटांवर वाचलेल्या सरड्यांच्या बोटांच्या गाद्या आधीच्या सरड्यांपेक्षा मोठ्या निघाल्या. ज्यांची पकड घट्ट तेच तगले होते! सरडे वाऱ्यात काठीला कसे चिकटून राहतात हे बघायला कॉलिन डोनिह्यू आणि सहकाऱ्यांनी पाचोळा उडवायचं यंत्र त्यांच्यावर रोखलं होतं. खाली जाळी होती, एकही सरडा दुखावला नाही.

डेलावेअरच्या जंगलात घरटं करणारा व्हीरी नावाचा छोटा थ्रश पक्षी ज्या वर्षी विणीचा हंगाम लवकर आटोपता घेतो, त्या वर्षी हरिकेन जोरात येतात असं ख्रिस्तोफर हेक्शर यांच्या वीस वर्षांच्या नोंदींत दिसलं. पक्ष्याला मे महिन्यातच काय कळतं, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आणि अमेरिकी आपत्ती अधिकाऱ्यांचं एक लाडकं मोजमाप म्हणजे ‘वॉफल हाउस’. या साखळीतली प्रत्येक खानावळ चोवीस तास, बारा महिने उघडी असते. वादळानंतर ती नेहमीचं सगळं वाढत असेल तर हिरवा, मोजकेच पदार्थ असतील तर पिवळा, आणि बंद असेल तर लाल. लाल म्हणजे तिथे आधी मदत पाठवा. फ्लोरिडाचे क्रेग फ्युगेट यांनी २००४ च्या वादळांनंतर हे रूढ केलं आणि पुढे ते देशाच्या आपत्ती संस्थेचे प्रमुख झाले.

नकाशा वाचायचा कसा?

हे नीट वाचा, कारण ह्यूस्टन, टँपा, ओर्लँडोत आता आपल्या कितीतरी घरांतली मुलंबाळं राहतात आणि हंगाम तापला की इकडे आई-वडील मोबाइलवर तो पांढरा शंकू बघत रात्र काढतात.

तो शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचा मध्य कुठून जाऊ शकेल एवढंच तो सांगतो, आणि तेही साधारण तीनात दोनदा. म्हणजे तीनातून एकदा मध्य शंकूच्या बाहेर पडणार, हे गृहीतच धरलेलं असतं. पाऊस, वारा आणि उधाण तर शंकूबाहेर कितीतरी लांब पोहोचतात. २००४ मध्ये ‘चार्ली’ची मधली रेघ टँपाकडे जात होती. दक्षिणेकडचं पुंटा गोर्डा शंकूच्या आत होतं, इशाराही दिलेला होता, पण लोकांची नजर रेघेवर खिळलेली. चार्ली टँपाच्या अलीकडेच वळलं आणि पुंटा गोर्डावर कोसळलं. अठरा वर्षांनी ‘इयान’ही टँपाची भीती घालून, चार्लीने जिथे किनारा गाठला होता त्याच कायो कोस्टा बेटावर किनाऱ्याला लागलं.

वाटेचा अंदाज हल्ली फार सुधारला आहे. तीन दिवसांपुढचा आजचा अंदाज जुन्या काळच्या एका दिवसाच्या अंदाजाच्या तोडीचा असतो. बळाचा अंदाज मात्र अजून दगा देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोतलं अकापुल्को सकाळी उठलं तेव्हा ‘ओटिस’ साधं वादळ होतं. त्याच मध्यरात्रीनंतर ते पाचव्या श्रेणीचं होऊन शहरावर आदळलं. आवराआवर करायलाही वेळ मिळाला नाही.

आणि श्रेणी? हर्बर्ट सॅफिर आणि रॉबर्ट सिम्प्सन यांची ती १ ते ५ ची मोजपट्टी फक्त वारा मोजते. मारतं मात्र पाणी. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अटलांटिकच्या वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी जवळपास निम्मे समुद्राच्या उधाणाचे होते, चतुर्थांशाहून जास्त पावसाच्या पुराचे. वाऱ्याचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी. २००८ चं ‘आइक’ दुसऱ्याच श्रेणीचं होतं, तरी टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र साडेचार मीटरहून उंच चढून आला. २०१७ चं ‘हार्वी’ किनाऱ्यावर आल्यावर मंदावलं, जागच्या जागी रेंगाळलं आणि टेक्सासमध्ये एका ठिकाणी १५३९ मिलिमीटर पाऊस ओतून गेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर ज्याने अनुभवला आहे, त्याला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

तेव्हा यंदा तिकडे वादळ निघालं आणि मुलांशी फोनवर बोललात, तर ‘कितव्या श्रेणीचं आहे रे?’ असं विचारू नका. ‘तुमचं घर कुठल्या स्थलांतर झोनमध्ये येतं, आणि तिथे पाणी किती चढणार आहे?’ असं विचारा. फ्लोरिडात या झोनांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली आहेत आणि प्रत्येकाला आपलं अक्षर ठाऊक असायला हवं. ए असेल आणि निघायचा आदेश आला असेल, तर फोन तिथेच ठेवायला सांगा आणि गाडी काढायला लावा.